५० लाखांची एसयूव्ही घेताय? इलेक्ट्रिक की पेट्रोल हे शोरूममध्ये नाही, पार्किंगमध्ये ठरवा

गेल्या वर्षी आमच्या भाऊजींना गाडी घ्यायची होती, बजेट ५० लाखांच्या आसपास, आणि यादीत शेवटी दोनच नावं उरली, बीएमडब्ल्यू एक्स१ पेट्रोल आणि तिचीच इलेक्ट्रिक बहीण आयएक्स१. ही इलेक्ट्रिक लांब व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जास्त) जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाख एक्स-शोरूमला आली, म्हणजे पेट्रोलच्याच किमतीत, त्यामुळे "इलेक्ट्रिक महाग असते" हा जुना मुद्दा इथे बादच झाला. मग ठरवायचं कशावर? आम्ही दोन महिने घातले यात, त्यातून जे कळलं ते सांगतो. तुमची गाडी मर्सिडीज, ऑडी, व्होल्वो काहीही असू दे, पद्धत हीच वापरा.

पहिलं काम म्हणजे टेस्ट ड्राइव्हच्या आधी तुमच्या पार्किंगच्या जागेवर जाऊन उभं राहायचं. खरंच सांगतो, निम्मा निर्णय तिथेच होतो. जागा तुमच्या नावावर आहे का, की सोसायटीत जो आधी येईल त्याची? मीटर रूम कुठे आहे? आम्ही इलेक्ट्रिशियनला घेऊन बेसमेंटमध्ये गेलो, त्याने टेप लावला, मीटरपासून भिंतीने वळत वळत पार्किंगपर्यंत ६२ मीटर भरले. तो म्हणाला एवढ्या लांबीला ६ स्क्वेअर एमएम जाडीची केबल नको, व्होल्टेज पडेल, १० ची तांब्याची घ्या. केबल, पाइप, एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसायची वेळ आली की तोडणारा) सगळं धरून चाळीस-पन्नास हजारांच्या घरात गेलं, आणि हे पैसे कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हते. म्हणून सेल्सवाला "चार्जर फ्री" म्हणाला की लगेच विचारा, केबल किती मीटर फ्री?

मीटरचंही बघा. घरच्या मीटरवर गाडी लावली तर महिन्याला दीड-दोनशे युनिट वाढतात, तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता आणि ही वाढलेली युनिटं महाग दराने लागतात. महावितरण गाडीसाठी वेगळं कनेक्शन देतं, ते घ्या. सोसायटीचं पत्र लागेल, कमिटीशी आधी शांतपणे बोला, मीटर रूममध्ये लोड किती शिल्लक आहे ते कागदावर दाखवा, लोकांची भीती बहुतेक वेळा आगीची असते, तिला उत्तर म्हणजे नीट वायरिंग, आरसीसीबी आणि अर्थिंग. भाड्याच्या घरात राहत असाल किंवा गाडी रस्त्यावर लावत असाल तर माझं स्पष्ट मत, पेट्रोल घ्या. रोज बाहेर चार्जर शोधत फिरायला कोणी एवढे पैसे घालत नाही.

आता हिशोब. महिन्याला १,००० किलोमीटर धरा. असली पेट्रोल एसयूव्ही शहरात लिटरला १० देते असं माना, म्हणजे १०० लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर आहे, तर १०,४०० रुपये. इलेक्ट्रिक एका युनिटला साधारण ६ किलोमीटर जाते, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून १९० युनिट, १० रुपयांनी १,९०० रुपये. म्हणजे वर्षाला लाखभर वाचले. पण हेच सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर केलं तर युनिटला वीसच्या वर जातात, वर १८ टक्के जीएसटी, मग बिल साडेचार हजारांवर जातं. बचत तरीही होते पण आधीसारखी नाही, म्हणून परत सांगतो, पार्किंग.

टॅक्समध्ये फरक मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल एसयूव्हीवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५. हा एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो, खरा धक्का ऑन-रोडला बसतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ५० लाखांवर साडेसहा लाख, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. इलेक्ट्रिकला माफी. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिकला ६ टक्के लावायचं चाललं होतं, ते त्याच महिन्यात मागे घेतलं, पण त्यावरून एवढं कळतं की ही माफी कायमची धरून चालू नका, बुकिंगच्या दिवशी आरटीओचा आकडा लेखी मागा. धंद्याच्या नावावर घेणाऱ्यांनी सीएला डेप्रिसिएशन (गाडीच्या किमतीची दरवर्षीची घट, जी खर्च म्हणून दाखवून टॅक्स वाचतो) विचारा, इलेक्ट्रिकला ४० टक्के मिळतं, पेट्रोलला १५. डॉक्टर, बिल्डर, कारखानदार मंडळींचा निर्णय कितीदा या एका ओळीवरच होतो. आणि कोणी ८०ईईबीची, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या लोनवरच्या व्याजाची इन्कम टॅक्समधली सूट सांगितली तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती.

टोलचं म्हणाल तर सरकारने ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारना अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर टोलमाफी दिली. एक्सप्रेसवेचे ३२० आणि सेतूचे २५० एका बाजूचे, आठवड्यातून एकदा पुणे-मुंबई करणाऱ्याला हे चांगलंच जाणवतं. फास्टॅगवर गाडीचा नंबर नीट नोंदवलेला आहे ना तेवढं बघा.

आता रेंज. कागदावर आयएक्स१ ला ५३१ किलोमीटर लिहिलंय, तुम्ही ३८० ते ४०० धरा, आणि समृद्धीवर १२० ने सलग पळवली तर त्याहून कमी. शहरात उलट चांगली मिळते कारण ब्रेक मारला की वीज परत बॅटरीत जाते. पण सरासरीवर जाऊ नका, तुमचा जो एक ठरलेला लांबचा रस्ता असतो ना, गावचा, त्यावर गाडी नेऊन बघा. डीलरकडे शनिवार-रविवारसाठी गाडी मागा, ५० लाख देणाऱ्याला हे मागायचा हक्क आहे.

आम्ही तेच केलं. भाऊजींचं घर गुहागरला, पुण्यातून उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असं जवळपास पावणेतीनशे किलोमीटर. निघताना १०० टक्के, गाडीत चार माणसं, एसी चालू, हायवेला शंभरच्या आतबाहेर. कोयनानगर सोडून घाट उतरायला लागलो तर चार्ज कमी व्हायच्या ऐवजी एक टक्का वर गेला, मागे बसलेल्या ताईने तो आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. गुहागरला पोचलो तेव्हा २६ उरले होते. म्हणजे पोचायचा प्रश्नच नव्हता, खरी परीक्षा घरी झाली. पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडीबरोबरचा चार्जर लावला तर लाल दिवा, चार्जच घेईना. दहा मिनिटं आम्ही गाडीलाच दोष देत होतो. शेजारच्या वायरमनने येऊन टेस्टर लावला, म्हणाला अर्थिंगच नाहीये घराला, इतकी वर्षं मिक्सर-फ्रिज चालले म्हणून कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ ओल असलेल्या जागी खड्डा मारला, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून अर्थिंग केलं, आणि संध्याकाळी हिरवा दिवा लागला. रात्रभरात ताशी ३ युनिटच्या आतबाहेर, दहा तासांत ४० टक्के भरते. दोन रात्री राहिलात तर परत यायचं पुरेपूर होतं. तेव्हा गावच्या घरी आधीच वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, घरातल्या माणसांसाठीसुद्धा ते गरजेचं आहे.

एका रात्रीत परत फिरायचं असेल किंवा महिन्यात चार-पाच वेळा ४०० च्या वर जायचं असेल तर मात्र पेट्रोल सोपं पडतं. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर एका चार्जरला चार गाड्या लागल्या की प्रत्येकी पाऊण तास धरा, लहान मुलं आणि आजी-आजोबा गाडीत असताना ते जड जातं.

पावसाचा मुद्दा मुंबईकरांनी नीट ऐका. पेट्रोल इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की इंजिन लॉक होतं आणि बिल लाखांत येतं, साधा विमा ते देत नाही, इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. इलेक्ट्रिकला ती भीती नाही, पण बॅटरी खाली तळाला असते, उंच स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर घासली तर ते खर्चाचं काम, म्हणून तिलाही बॅटरीचं ॲड-ऑन घ्याच. साचलेल्या पाण्यात दोन्ही घालू नका. स्टेपनी आहे का ते डिकी उघडून बघा, बऱ्याच इलेक्ट्रिकमध्ये नसते. वजन जास्त म्हणून टायरही लवकर जातात.

रिसेलमध्ये पेट्रोल पुढे आहे. दर तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर वाचवलेलं सगळं तिथे जाऊ शकतं. सात-आठ वर्षं ठेवणार असाल तर बॅटरीची वॉरंटी वाचा, बीएमडब्ल्यूची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. आणि पेट्रोल गाडीला "हायब्रीड आहे" म्हणाले तर ४८ व्होल्टची माइल्ड आहे का विचारा, ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही.

भाऊजींनी इलेक्ट्रिक घेतली, पण डिलिव्हरी तीन आठवडे थांबवून. आधी मीटर लागला, केबल ओढली, चार्जर भिंतीवर बसला, दुसऱ्याच्या इलेक्ट्रिक गाडीला लावून एक तास चालवून बघितला, केबलला हात लावला तर गार होती, मग उरलेल्या पैशांचा चेक दिला.