डोंबिवलीत घर, फोर्टात नोकरी: कुठे उभं राहायचं ते सांगते

माझी भाची लातूरहून फोर्टातल्या एका ऑफिसात रुजू होतेय आणि राहणार आहे डोंबिवलीत. तिला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत होते ते इथे सलग लिहितेय. तिच्यासारखी आणखीही पोरं-पोरी येतातच दरवर्षी.

तर बाळा, आधी घर. इथे पत्ता पूर्व की पश्चिम इथून सुरू होतो. भाव विचारण्याआधी तेवढं विचार. एजंट म्हणेल, स्टेशनपासून पाच मिनिटं. कशाने पाच मिनिटं, ते नाही सांगणार. संध्याकाळी सातनंतर स्वतः चालून बघ. शेअर रिक्षाची रांग त्या वेळी केवढी असते तेही बघ, कारण रोज त्याच रांगेच्या शेवटी तुला उभं राहायचंय. दोन हजार भाडं वाचवून रोज अर्धा तास रिक्षाच्या रांगेत घालवणं मला पटत नाही. करार अकरा महिन्यांचा असतो. तो नोंदवून घे आणि त्याची प्रत तुझ्याकडे ठेव, गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे मागतात.

आता लोकल. डोंबिवलीहून सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फोर्टाजवळचं शेवटचं स्टेशन) जलद गाडीने साधारण सव्वा तास. ठाण्यानंतर जलद गाडी घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा एवढीच थांबते, काही गाड्या मधे आणखी एखादं स्टेशन घेतात. परतताना इंडिकेटर वाचायला शीक. त्यावर गाडीचं पूर्ण नाव नसतं, इंग्रजी अक्षर असतं. ‘के’ म्हणजे कल्याण, ‘ए’ अंबरनाथ, ‘बीएल’ बदलापूर, ‘टीएल’ टिटवाळा. गंमत पुढे आहे: ‘एन’ म्हणजे कसारा आणि ‘एस’ म्हणजे कर्जत. शेजारी पुन्हा जलदला ‘एफ’ आणि धीम्याला ‘एस’. म्हणून ‘एस एफ’ दिसलं तर गोंधळू नकोस, ती कर्जत जलद. डोंबिवलीला यातली कुठलीही चालते, पण कसारा-कर्जतवाल्यांना अजून खूप लांब जायचं असतं. त्यांच्या गाडीत दारापर्यंत येणं हेच मोठं काम. शक्यतो डोंबिवली किंवा कल्याण गाडी धर.

त्याच इंडिकेटरवर डब्यांचा आकडा असतो, १२ किंवा १५. तो बघितल्याशिवाय जागा धरू नकोस, कारण पंधरा डब्यांच्या गाडीत लेडीज डबा नेहमीच्या जागी येईलच असं नाही. पहिल्या आठवड्यात सरळ बायकांचा घोळका बघून तिथे उभी राहा. मग एखादा खांब, एखादा स्टॉल, एखादी पाटी लक्षात ठेव. आम्ही सगळ्या तसंच करतो.

बसायला हवं असेल तर दोन वाटा. एक, डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल. दुसरी, आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी परत निघते तेव्हा बसून यायचं. याला रिटर्न म्हणतात, आणि कल्याणला चढणाऱ्या बायका त्यावरून रोज भांडतात. त्यांचंही खरं आहे म्हणा. रिटर्न करणार असशील तर पास कल्याणपासूनचा काढ. डोंबिवलीच्या पासावर कल्याणला पकडलं की २५० रुपये दंड आणि वर भाडं. पास मोबाइलवरही निघतो, पण तो अ‍ॅपमध्येच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि बॅटरी गेली की तू विनातिकीट. मी अजून कागदी पासच ठेवते.

आत शिरलीस की बसलेल्या बाईला विचारायचं, “कुठे उतरणार?” ती घाटकोपर म्हणाली की ती सीट तुझी, आणि हा हिशेब डब्यात सगळ्या पाळतात. तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, त्यावर कुरकुर करू नकोस, उद्या तू चौथी असशील. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला आलं की उठ. परतताना ठाणं सुटलं की दाराकडे सरकायला लाग, आणि फलाट कुठल्या बाजूला येणार ते शेजारणीला विचार. विचारायला लाजायचं नाही, सगळ्या सांगतात, थोड्या रागावून सांगतात इतकंच.

दारात लटकायचं मात्र नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यात जीव गेले. गर्दीची गाडी सोडून दे. लेट मार्क परवडतो.

सीएसएमटीला उतरल्यावर फोर्टात चालतच जा. मेट्रो तीन आता थेट कफ परेडपर्यंत जाते आणि हुतात्मा चौक पुढचंच स्टेशन आहे, पण खाली उतरून वर येईपर्यंत तू चालत पोचलेली असशील. विधान भवन किंवा कफ परेडला काम असेल तेव्हा मेट्रो घे. बेस्टच्या बसला समोरच्या पाटीवर आकडा मराठीत असतो, आपल्याला तेवढंच सोपं. साध्या बसला किमान १० रुपये, एसीला १२. आणि फोर्टात रिक्षा शोधू नकोस. शहरात टॅक्सीच, रिक्षा माहीम आणि शीव (म्हणजे सायन) यांच्या पलीकडे.

दादरला गाडी बदलायची वेळ आली तर जुन्या माणसांनी सांगितलेले फलाट क्रमांक विसर. डिसेंबर २०२३पासून १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे.

घरचं थोडक्यात: स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते, पोळी-भाजी केंद्रं आहेत, इस्त्रीवाला घरी येतो. पाणी किती वाजता येतं ते घर घेण्याआधीच विचार. डोंबिवलीत वीज महावितरणची. तुझ्या मुंबईतल्या मैत्रिणींना बिल बेस्टचं किंवा अदानीचं येईल.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या. कुठे जायचं असेल तर शनिवारीच वेळापत्रक बघ, नाहीतर सकाळी लवकर निघ.

आणि पाऊस. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की कुर्ला-शीवकडे रुळांवर पाणी येतं. जुलैत रोज सकाळी भरतीची वेळ बघून निघ. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक ड्रेस, चपला, बिस्किटं आणि चार्जर ठेव, पर्समध्ये थोडे सुटे पैसे. गाड्या थांबल्या तर ऑफिसातच थांब; गाडी मधेच अडकली तर कुणी उतरतंय म्हणून तू रुळांवर उडी टाकू नकोस. मला फक्त मेसेज कर, फोन लागणार नाही.