सल्लागार म्हणून बोलावणं आलं, तर

फोन बहुतेक दुपारी येतो. "ताई, अपंग व्यक्तींच्या आरोग्यावर आम्ही एक अभ्यास करतोय. सल्लागार मंडळात तुम्ही हव्यात." मला पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी आनंदाने लगेच हो म्हटलं. पहिल्या बैठकीला गेले तर प्रश्नावली छापून, गठ्ठे बांधून तयार. एका मुलाने पेन पुढे केलं, "बेन, अहीं सही करो." मी सही केली. घरी येऊन प्रत वाचली तेव्हा दिसलं, की वजन आणि उंची उभं करून घ्यायची होती. अडीच वर्षांची असताना मला पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा धातूचा सांगाडा आहे. तो काढला तर मला उभं राहता येत नाही, आणि घालून उभी राहिले तर काट्यावर त्याचंही वजन चढतं. आमच्यासाठीच्या अभ्यासात आमचंच वजन चुकणार होतं, आणि खाली माझी सही होती.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बडोद्यात आणखी तीन अभ्यासांच्या मंडळांवर बसले. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आपल्या ओळखीच्या कुणाला असं बोलावणं आलं की ती माणसं आधी माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

हो म्हणायच्या आधी फोनवरच एक प्रश्न विचारा: प्रश्नावली ठरली आहे का? ठरली असेल, तर पुढचा प्रश्न: आम्ही सांगितलं तर त्यातलं काय बदलता येईल? उत्तर गुळमुळीत आलं तर "आधी मसुदा पाठवा, वाचून कळवते" म्हणा. आत्ता कुठे विषय ठरतोय असं ते म्हणाले, तर मात्र जरूर जा. सल्ल्याची खरी वेळ तीच असते. गठ्ठे छापून झाल्यावर एक ओळ बदलायलाही माणसं नाखूश असतात, आणि त्यांचंही खोटं नसतं, कारण नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात माणसांचं नुकसान होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी पुन्हा घ्यावी लागते.

कायदा थोडा माहीत करून घ्या, म्हणजे आवाज ठाम राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की अपंग व्यक्तीला समजेल अशा पद्धतीने सांगून, तिच्या मोकळ्या संमतीशिवाय तिच्यावर कुठलंही संशोधन करता येणार नाही. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा अपंगांच्या, त्यांच्या पालकांच्या नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. म्हणून पहिल्याच बैठकीत शांतपणे विचारा: नैतिकता समितीची मंजुरी आहे का, आणि या कलमाखालच्या परवानगीचं काय? आपलं सल्लागार मंडळ या दोन्हींहून वेगळं असतं. ते परवानगी देत नाही. अभ्यास माणसांच्या जगण्याला धरून व्हावा हे पाहणं, एवढंच त्याचं काम, आणि ते पुरेसं मोठं आहे.

मंडळात कोण हवं हे बहुधा संशोधकच ठरवतात, आणि बोलकी, शिकलेली, चालण्याचा त्रास असलेली माणसं बोलावतात. माझ्यासारखी. त्यात त्यांना सोपं पडतं. कायद्यात आता २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होती. सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवता येत नाही हे मान्य. पण अभ्यास ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यातले निदान दोन तरी हवेत, कारण एकट्या माणसाचं म्हणणं "त्यांचा स्वभावच तसा" म्हणून सोडून दिलं जातं. मूकबधिर सदस्य असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची आई हवी, आणि शक्य असेल तर तो मुलगाही हवा. आमच्या एका बैठकीत आई बराच वेळ बोलत होती. मग तिचा सव्वीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "मला सुई टोचायच्या आधी सांगत नाहीत." दुसऱ्या दिवशी रक्ततपासणीच्या सूचनांत एक ओळ वाढली: कापूस, सुई, नळी आधी दाखवायची, मग टोचायचं. हे त्याच्या आईलाही सुचलं नव्हतं.

जागा स्वतः जाऊन बघा, किंवा भरवशाच्या माणसाला पाठवा. "लिफ्ट आहे" यावर विश्वास ठेवू नका. लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या असतात. उताराचं प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट उतार. डोळ्यांना तीव्र वाटला तर तो तीव्रच असतो. आणि संडास. दार किती रुंद, आत धरायला दांडी आहे का, कमोड आहे का. हे विचारताना लाजू नका. मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं सकाळी नऊपासून घरी येईपर्यंत पाणी प्यायले नाही.

हेच पुढे आमच्या अभ्यासातलं सगळ्यात महत्त्वाचं ठरलं, म्हणून सविस्तर सांगते. प्रश्नावलीच्या मसुद्यात होतं, "गेल्या वर्षभरात लघवीचा संसर्ग किती वेळा झाला?" योग्य प्रश्न. त्याखाली कारणांची यादी होती: मधुमेह, मूतखडा, कॅथेटर म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी. मी म्हटलं, अजून एक कारण आहे. बाहेर जायचं असलं की आम्ही पाणी पीत नाही. खोली जरा गप्प झाली. मग कुबड्या घेणाऱ्या एक बाई म्हणाल्या, लग्नाला जायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून बंद करते. व्हीलचेअर वापरणारे काका म्हणाले, मी तर उन्हाळ्यातसुद्धा. बडोद्याचा मे महिना माहीत असलेल्यांना यातला धोका सांगायला नको. त्या मुलीने, म्हणजे अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरने, तिथल्या तिथे दोन प्रश्न लिहिले: एरवी दिवसात किती पेले पाणी पिता, आणि बाहेर जायच्या दिवशी किती? त्या दोन उत्तरांतला फरक कुठल्याच पुस्तकात आयता मिळाला नसता.

तेव्हा मसुदा हातात आला की नुसता वाचू नका. घरातल्या कुणाला तरी समोर बसवा, त्याने प्रश्न मोठ्याने विचारायचे, तुम्ही खरी उत्तरं द्यायची. जिथे अडाल, जिथे खोटं बोलावंसं वाटेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. "तुम्हाला अपंगत्व आहे का?" या प्रश्नावर माझ्या आत्याने "नाही" म्हटलं. तिला तेव्हा एका डोळ्याने अजिबात दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधुक. तिच्या लेखी ते वय होतं. यासाठी वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे, सहा प्रश्न जगभर वापरतात: बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, आणि दुसऱ्याला आपलं समजावणं, यात किती अडचण येते? अजिबात नाही, थोडी, खूप, की जमतच नाही. अपंगत्व हा शब्दच त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्याकडे अपंग व्यक्ती २.२१ टक्के निघाल्या, जागतिक आरोग्य संघटना जगात १६ टक्के सांगते. एवढी तफावत पडायला विचारण्याची पद्धतही कारण आहे. मसुद्यात हे सहा प्रश्न नसतील तर सुचवा.

भाषेकडेही बघा. आपल्याकडे संमतीपत्र गुजरातीत आणि इंग्रजीत येतं. तरुण मंडळींना चालतं. पण वाडीत आणि दांडिया बाजारात अशा आज्या आहेत ज्या गुजराती फर्डं बोलतात आणि वाचतात मात्र मराठीच, कारण शाळा मराठी झाली. अशांना संमतीपत्र मराठीत द्या, नाहीतर पूर्ण वाचून दाखवा आणि मग "आता तुम्ही मला सांगा, यात काय लिहिलंय?" असं विचारा. अंध व्यक्तीसाठीही वाचून दाखवणं आलंच. नुसता अंगठा घेणं ही संमती नाही.

मोजमापांवर तर अजिबात मागे हटू नका. व्हीलचेअरसकट चढता येईल असा काटा असतो. आधी माणूस आणि खुर्ची, मग रिकामी खुर्ची, मग वजाबाकी. आमच्या गटातले काका वर्षानुवर्षं भावाच्या गोडाऊनमध्ये पोत्यांच्या काट्यावर वजन करत आले होते, त्यांच्याकडूनच ही युक्ती संशोधकांना कळली. तसा बुटका काटा मिळवलाही. बायकांनी मात्र सांगितलं, पोत्याच्या काट्यावर चारचौघांत चढणार नाही. मग वेगळी खोली, पडदा, मोजणारी बाई. उंचीसाठी आडवे पसरलेले हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजता येतात. हात आखडलेला असेल तर गुडघ्याची उंची. रक्तदाबाचा पट्टा हातात धरून बघा. कुबड्या आणि चाकं ढकलून आमचे दंड जाड झालेले असतात, नेहमीचा पट्टा आखूड पडला की दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. मोठा पट्टा फार महाग नसतो.

तरुण डॉक्टरांना काही गोष्टी आपणच सांगाव्या लागतात, त्यात त्यांचा दोष नाही. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यांनी पोलिओ झालेलं मूल पाहिलेलंच नाही. पण ज्यांना झाला ती आम्ही माणसं अजून आहोत, आणि पन्नाशीनंतर आमच्या बऱ्या पायालाही नव्याने अशक्तपणा येतो, लवकर दम लागतो, थंडी सोसत नाही. पोलिओनंतर दशकांनी हे होतं, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. मसुद्यात "पोलिओ: स्थिर" असा रकाना होता. तो आम्ही काढायला लावला.

बोलताना आधी घडलेली गोष्ट सांगा आणि लगेच काय बदलायचं ते सांगा. नुसती गोष्ट सांगितली तर लोक हळहळतात आणि पुढच्या मुद्द्याकडे जातात. आणि ऐकूनही घ्या. मी एकदा हट्ट धरला होता, की सगळ्या प्रकारच्या अपंगत्वाची माणसं एकाच अभ्यासात घ्या. संख्याशास्त्राच्या सरांनी कागदावर आकडे मांडून दाखवले: प्रत्येक प्रकारची इतकी थोडी माणसं येतील की कुणाबद्दलच काही सांगता येणार नाही. त्यांचं बरोबर होतं.

इतिवृत्त मागा. त्यात तीन रकाने हवेत: आम्ही काय सुचवलं, काय ठरलं, मानलं नसेल तर का. हा तिसरा रकाना कुणी आपणहून भरत नाही, मागावा लागतो. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यापासूनच करा.

पैशांचं पहिल्याच दिवशी बोला. रिक्षाचं भाडं, सोबत येणाऱ्याचं भाडं, आणि मानधन. संशोधकांना ते अंदाजपत्रकात आधीच धरता येतं, नंतर विचारलं की अडचण होते. समाजकार्य म्हणून फुकट या असं आम्हाला सांगतात, पण टेबलाच्या पलीकडच्या सगळ्यांना पगार असतो.

एक जपायचं आहे. बडोद्याची मराठी वस्ती लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात. बैठकीत शेजारणीची गोष्ट सांगताना नाव, गल्ली, नवऱ्याची नोकरी काहीही सांगू नका. अहवालाचा मसुदा आला की हेच तिथेही तपासा. एका तक्त्यात वॉर्ड, वय, स्त्री, कॅलिपर असे रकाने शेजारी शेजारी होते आणि एका चौकटीत आकडा होता १. ती एक मीच होते. नाव नव्हतं, तरी आमच्या भागात कुणीही ओळखलं असतं. वॉर्ड काढून टाकले, वयाचे गट मोठे केले.

शेवटी, निकाल लोकांना परत सांगायची बैठक लिहून घ्या, कधी आणि कुठे ते सुरुवातीलाच. नाहीतर अहवाल इंग्रजीत छापून येतो आणि ज्यांनी रक्त दिलं, उत्तरं दिली, त्यांना कधीच कळत नाही. आमची ती बैठक एका शाळेच्या तळमजल्यावर झाली. गुजराती आणि मराठीत एकेका पानाचा कागद, मोठी अक्षरं, दुभाषा समोर उजेडात उभा. जागा मी आणि काका आठवडाभर आधी बघून आलो होतो. संडासाचं दार काकांच्या खुर्चीने मोजलं, दांडी ओढून पाहिली. त्या दिवशी घरून निघताना मी दोन पेले पाणी प्यायले.