पोल्डू बघायचंय? आधी लिझार्डला उतरा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला गेलेले आपले लोक थेट पोल्डूचं मार्कोनी सेंटर, म्हणजे रेडिओचा प्रणेता मार्कोनी याच्या प्रयोगांची जागा, गाठतात. मी जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. माझं ऐका, सुरुवात लिझार्डपासून करा. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने रेडरूथ, तिथून बसने हेल्स्टनवरून लिझार्ड. गावातून बास पॉइंटकडे चालत निघालात की कड्यावर मार्कोनीच्या बिनतारी केंद्राची काळी लाकडी खोपटी दिसते. २३ जानेवारी १९०१ला आइल ऑफ वाइट बेटावरचे रेडिओ संकेत इथे पकडले गेले, सुमारे ३०० किलोमीटरवरून. रेडिओ लहरी क्षितिजापलीकडे जात नाहीत म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

कोहिरर, म्हणजे तेव्हा लहरी पकडणारा भाग, काय आहे ते इथेच समजून घ्या. बोटभर काचेची नळी, आत चिमूटभर धातूचा कीस. लहर आली की कीस चिकटतो, वीज वाहते, मोर्स या टिंब-रेषांच्या लिपीतलं टिंब उमटतं. लगेच छोटी हातोडी नळीला टिचकी मारून कीस मोकळा करते, नाहीतर पुढचं टिंब कळणारच नाही. तेव्हाचा मोर्स इतका संथ का, हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

पोल्डू तिथून जवळच, मलियन गावाशेजारी. सेंटर हौशी रेडिओ क्लबचे स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे उघडं कधी असतं ते निघण्याआधी बघून घ्या. आत शिरण्याआधी कड्यावर फिरा. गवतात जुने काँक्रीटचे पाये आहेत. एरियलसाठी उभारलेलं २० डोलकाठ्यांचं वर्तुळ सप्टेंबर १९०१च्या वादळात कोसळलं. मग दोन खांबांवर तारा ताणून पाठवलेली ‘एस’ची तीन टिंबं मार्कोनीने १२ डिसेंबरला अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकली.

पण आपल्यासाठी मोलाचं काम इथे पुढे झालं, आणि लोक त्याकडे बघतही नाहीत. १९२३-२४मध्ये मार्कोनीचा अभियंता फ्रँकलिन याने इथून लघुलहरींचा (शॉर्टवेव्हचा) झोत सोडला आणि मार्कोनी ‘एलेट्रा’ बोटीवरून तो तपासत गेला. त्यातूनच एका दिशेने झोत सोडून दूरवर संदेश पाठवायची बीम पद्धत उभी राहिली. १९२७मध्ये ती भारतात आली: संदेश पाठवायचे खडकीहून, घ्यायचे दौंडला. पुण्याहून येणाऱ्याने त्या चाचण्यांबद्दल आवर्जून विचारावं.

शेवटी क्लबची रेडिओ खोली. तिची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, जीबी२जीएम. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स असेल तर सोबत ठेवा, मोर्सची टिंबं पाठवायची दांडी, म्हणजे ‘की’, वापरू देतात का विचारा. मिळाली तर कोपर टेबलावर टेकवा आणि बोटांनी टकटक न करता मनगटातून चालवा. हात दुखत नाही आणि टिंबं सारखी पडतात.