बुकर विजेती कादंबरी घेताय? या चुका टाळा

'बुकर मिळालेलं काहीतरी वाचायचंय' म्हणून लोक दुकानात जातात आणि भलतंच पुस्तक घेऊन येतात, हे इतक्यांदा बघितलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

सगळ्यात कॉमन चूक कव्हरमुळे होते. वर 'बुकर विजेत्या लेखिकेची कादंबरी' असं छापलेलं असतं आणि आपण धरून चालतो की हेच ते. बुकर हे इंग्रजी कादंबरीचं ब्रिटिश बक्षीस, ते त्या वर्षीच्या पुस्तकाला मिळतं, लेखकाच्या एकूण कामाला नाही. मार्गारेट अ‍ॅटवुडची 'द हँडमेड्स टेल' सगळ्यांना माहितीय, पण ती १९८६ ला शॉर्टलिस्टपर्यंतच गेली, बक्षीस मिळालं २००० साली 'द ब्लाइंड असॅसिन'ला आणि मग २०१९ ला 'द टेस्टामेंट्स'ला, तेही विभागून. लेखक काझुओ इशिगुरोचं पण तसंच, १९८९ चं बुकर 'द रिमेन्स ऑफ द डे'ला आणि लोक आणतात 'नेव्हर लेट मी गो'. ती पण जरूर वाचा, सुंदर आहे, फक्त विजेती नाही.

दुसरा घोळ इंटरनॅशनल बुकरचा. गीतांजली श्री (२०२२) आणि बानू मुश्ताक (२०२५) यांना मिळालं ते हे, म्हणजे इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकाचं वेगळं बक्षीस. त्याचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक निम्मे निम्मे वाटून घेतात, त्यामुळे पोस्ट टाकताना त्यांच्या अनुवादक डेझी रॉकवेल आणि दीपा भास्ती यांची नावं गाळू नका प्लीज, मला ते फार लागतं.

आता पुस्तक बरोबर आणलं पण वाचवत नाहीये, असं झालं तर? आधी बघा की ते मधलाच भाग तर नाही ना. हिलरी मँटेलची २०१२ ची 'ब्रिंग अप द बॉडीज' हा दुसरा भाग आहे, आधी 'वुल्फ हॉल' (२००९, तिलाही बुकर). आणि 'वुल्फ हॉल'मध्ये 'तो' म्हणजे नक्की कोण हे कळेनासं झालं की समजा कादंबरीचा नायक थॉमस क्रॉमवेल, बहुतेक वेळा तोच असतो, एवढं कळलं की पुस्तक एकदम मोकळं होतं. पात्रांची यादी सुरुवातीला दिलीये, तिथे बुकमार्क ठेवा.

सलमान रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) तर लोक हमखास लवकर सोडतात. गोष्ट सांगणारा सलीम पहिल्याच वाक्यात सांगतो की माझा जन्म मुंबईचा, आणि लगेच आपल्याला १९१५ च्या काश्मीरमध्ये आजोबांकडे घेऊन जातो, स्वतः जन्माला यायला बरीच पानं घेतो. तिथे कंटाळून ठेवू नका हो. पुढे हा पोरगा सायकलवरनं थेट संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जाऊन धडकतो, आपल्या माणसाने निदान तिथपर्यंत तरी वाचायलाच हवं.