एजंट हिरवा दिसतोय पण बकेटमध्ये डेटा नाही? या चुका टाळा

इंदूरला सराफ्यात आमच्या ओळखीच्या एका काकांचं खाण्याचं काउंटर आहे, आणि सकाळच्या पोहे-जिलेबीचं दुसरं राजवाड्याजवळ. दोन्हीकडची बिलं एकाच पीसीवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये पडतात आणि ती डेबेझियम (डेटाबेसमधला प्रत्येक बदल टिपणारं टूल) आणि काफ्का कनेक्टने (ते बदल काफ्काच्या रांगेतून पुढे नेणारं टूल; यालाच मी एजंट म्हणतो) एस-थ्रीच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजच्या, मुंबई रीजनमधल्या बकेटमध्ये पाठवायची, एवढंच काम होतं. (एवढ्याशा धंद्याला काफ्का म्हणजे जरा अतीच, पण मला शिकायचं होतं आणि काकांना मी फुकट मिळालो होतो.) त्यात जे जे चुकलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे स्टेटस. कनेक्टर (एजंटमधला डेटा नेणारा जोड) "रनिंग" दिसला की आपण लॅपटॉप मिटून मोकळे, पण कनेक्टरचं स्टेटस वेगळं आणि त्याच्या खाली प्रत्यक्ष काम करणाऱ्या टास्कचं वेगळं, वर रनिंग आणि खाली टास्क फेल्ड असं आरामात होतं. टास्कची ओळ बघा, एररही तिथेच असतो.

आता फ्लश साइज, म्हणजे किती रेकॉर्ड झाले की फाइल बकेटमध्ये टाकायची तो आकडा, यात माझे दोन दिवस गेले. मी १००० ठेवला होता आणि रोटेशनचं (ठरावीक वेळाने फाइल बंद करून पाठवण्याचं) काहीच सेट केलं नव्हतं, म्हणजे हजार रेकॉर्ड भरेपर्यंत फाइल बकेटमध्ये जाणारच नाही. रात्रीची शेवटची दोन-तीनशे बिलं तशीच अडकून, दुसऱ्या दिवशी दुपारी उगवायची. डेटा हरवत नाही, काफ्कात असतो, पण काका सकाळी रिपोर्ट उघडणार आणि मला फोन करणार ना. मग रोटेट इंटरव्हल लावला तरी तेच! कारण मी तो रेकॉर्डच्या वेळेवर चालवत होतो आणि तसं केलं की पुढचं रेकॉर्ड आल्याशिवाय आधीची फाइल बंद होत नाही, आणि दुकान बंद झाल्यावर पुढचं रेकॉर्ड येणार कुठून? शेवटी रोटेट शेड्यूल इंटरव्हल लावला, तो खऱ्या घड्याळावर चालतो. त्याच्यासाठी टाइमझोन द्यावाच लागतो आणि कधीमधी एखादं रेकॉर्ड डबल येऊ शकतं, ते नंतर बिल नंबरवरून गाळायचं.

टाइमझोनवरून आठवलं. बकेटमध्ये बिलं तारखेप्रमाणे फोल्डरमध्ये पडतात. नमुन्याची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उचलली त्यात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होतं, तसंच ठेवलं. सराफा म्हणजे दिवसा सोनं-चांदी आणि रात्री खाणं, बिलं एक-दीडपर्यंत चालू. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे ५:३० ला बदलतो, त्यामुळे बाराच्या पुढची सगळी बिलं आदल्या तारखेच्या फोल्डरमध्ये. काका म्हणाले, "बरोबरच आहे की रे, रात्रीचा गल्ला आम्ही आदल्याच दिवसात धरतो!" पण पोह्यांच्या काउंटरवरची पाचची बिलंही कालच्यात जायला लागली तेव्हा त्यांनाही पटलं. एशिया/कोलकाता करा, आणि टाइमस्टॅम्प एक्स्ट्रॅक्टर (कोणती वेळ धरून फोल्डर ठरवायचं ते सेटिंग) डिफॉल्टवर सोडू नका, डिफॉल्ट वॉलक्लॉक असतो, म्हणजे बिलाची नाही तर कनेक्टरने रेकॉर्ड हाताळल्याची वेळ, नेट तासभर गेलं की ती बिलं नेट आल्याच्या वेळेच्या फोल्डरमध्ये पडतात.

बिनलॉग, म्हणजे मायएसक्यूएल प्रत्येक बदल लिहून ठेवतं त्या फाइल्स, डेबेझियम त्याच वाचतो. फॉरमॅट रो (बदललेली ओळ नोंदवणारा) हवा, हे सगळेच सांगतात. मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग ३० दिवस राहतो पण डिस्क भरते म्हणून मीच तो एका दिवसावर आणला होता. होळीला एजंट बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही, बिलिंग चालूच, पीसी रोज रात्री बंद आणि सकाळी सुरू होताना जुने बिनलॉग साफ. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलो, रंगलेल्या हातांनीच लॅपटॉप उघडला, तर एजंटला हवी ती फाइलच नाही. नवीन स्नॅपशॉट (सगळ्या टेबलची नवी प्रत) घेतला, पण त्यात फक्त आत्ताची स्थिती येते, मधल्या दिवसांत कोणतं बिल एडिट झालं, कोणतं डिलीट, ते गेलं ते गेलंच. निदान सात दिवस ठेवा.

आणि हो, दुकानातली आणि बकेटमधली बिलं टॅली करताना नुसत्या ओळी मोजू नका, बिल एडिट झालं की बकेटमध्ये आणखी एक ओळ येते, वेगवेगळे बिल नंबर मोजा. ॲमेझॉनच्या रूट (मुख्य) अकाउंटची की कॉन्फिगमध्ये टाकू नका, त्या एका बकेटपुरता वेगळा यूजर करा.

सगळं नीट झाल्यावर एका सकाळी एस-थ्रीने फाइल घ्यायलाच नकार दिला. की बरोबर, परवानगी बरोबर. तास गेला माझा, मग नजर पीसीच्या घड्याळावर गेली, वीस मिनिटं मागे! पंधरा मिनिटांच्या वर फरक असला की एस-थ्री रिक्वेस्ट घेत नाही. मदरबोर्डवरचा गोल सेल संपत आलेला, रात्री पीसी बंद की घड्याळ मागे. सेल बदलला, वेळ नेटवरून आपोआप सिंक व्हायला लावली, आणि काकांनी त्या दिवशी पोह्यांचे पैसे घेतले नाहीत.