कुत्रा पट्टा ओढत असेल तर

ओढलं की पुढे जायला मिळतं, म्हणून कुत्रा ओढतो. हा फायदाच बंद करा. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा आणि छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. लांबणारा पट्टा मुळीच नको, तो कायम ताणलेलाच राहतो. पट्टा ताणला की जागीच थांबा. झटका देऊ नका, कुत्र्याला दुखापत होऊ शकते. तो वळून पाहील, पट्ट्याला झोळ पडेल. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणत उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा मांडीलगत द्या आणि चालू लागा. हात पुढे करून दिलात तर तो पुढेच धावायला शिकेल.

सुरुवात अंगणात, १० मिनिटं. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मासळीचा वास, भटकी कुत्री हे सगळं फार नंतर. गोव्याच्या उन्हात डांबर तापतं. तळहात पाच सेकंद टेकवत नसेल, तर संध्याकाळीच निघा.