प्रोस्टाग्लॅन्डिन म्हणजे बीपी कमी? या चुका टाळा

चौदा वर्षं झाली नाशिकमध्ये बी फार्मच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवतेय आणि दरवर्षी तोंडी परीक्षेला तेच उत्तर, "मॅडम, प्रोस्टाग्लॅन्डिनने बीपी कमी होतं." अरे, प्रोस्टाग्लॅन्डिन ही शरीरातच बनणारी रसायनं, त्यांचे प्रकार अनेक. कुठलं प्रोस्टाग्लॅन्डिन, कुठे दिलं, शिरेतून की मेंदूत, काही पत्ता नाही. गाईडमधली एक ओळ पाठ केली की विषय संपला असं वाटणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण पुढे हीच पोरं मेडिकलच्या काउंटरवर उभी राहणारेत.

तर पटकन सांगते. प्रोस्टाग्लॅन्डिन ई2 आणि आय2 (आय2 म्हणजेच प्रोस्टासायक्लिन) रक्तवाहिन्या सैल करतात. थ्रोम्बॉक्सेन ए2 त्यांचा चुलत भाऊ, तो आवळतो. एफ2 अल्फापासून बनवलेलं कार्बोप्रोस्ट बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात, त्याने बीपी चढू शकतं, आणि दमा असलेल्या बाईला ते देत नाहीत. आणि तोच ई2 जनावराच्या मेंदूतल्या पोकळीत सोडला तर बीपी, पल्स, ताप तिन्ही वर जातात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. ई1 शिरेतून दिलं, बीपी उतरलं, पल्स वाढली, की पोरं लिहून मोकळी, "औषधाने हृदयाचे ठोके वाढवले." अरे बाबांनो, मुख्य काम रिफ्लेक्सचं, म्हणजे शरीराच्या आपोआप येणाऱ्या प्रतिक्रियेचं आहे! वाहिन्या सैल झाल्या, दाब पडला, मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर, म्हणजे दाब ओळखणारे पहारेकरी, गप्प झाले, मेंदूने ठोके मंद ठेवणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सोडला आणि ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसांना पुढे केलं, म्हणून ठोके वाढले. आणि हे समजलं असं वाटेपर्यंत प्रोस्टासायक्लिन येतं. भूल दिलेल्या कुत्र्यात ते दिलं की दाब पडतो आणि तरी ठोकेही कमी होतात, कारण ते हृदय-फुप्फुसातल्या व्हेगसच्या टोकांना डिवचतं, बेझोल्ड-यारिशसारखा, म्हणजे दाब आणि ठोके दोन्ही उतरवणारा रिफ्लेक्स सुटतो. दोन्ही व्हेगस कापले की ठोके कमी होणं बंद. म्हणून माझी सवय अशी की फळ्यावर बीपी आणि पल्स एकाखाली एक काढायचे, दोन्ही एकाच दिशेला गेले की थांबायचं आणि "व्हेगस कुठे आहे?" असं स्वतःला विचारायचं. पाठांतरवाले इथे हमखास अडकतात.

दुसरी चूक माझ्या घरात झाली. निफाड तालुक्यात काकांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू होती, कंबर धरली, काकांनी कुणालाही न विचारता डायक्लोफिनॅक सुरू केलं, दिवसातून दोनदा, सोळा दिवस. बीपीला टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध) यांची एकत्र गोळी बरीच वर्षं चालू, वहीत कायम 130/80च्या आसपास. दिवाळीला गेले तर 166/98, घोटे सुजलेले. काकू म्हणाली, "अगं, बीपीची गोळी लागू पडेना, डोस वाढवायला सांगितलाय." मी काकांच्या शर्टाच्या खिशात हात घातला तर अर्धी संपलेली स्ट्रिप. "काका, हे काय?" "ते दुखण्याचं आहे गं, बीपीचा काय संबंध?"

संबंध हाच. किडनीत ई2 आणि आय2 वाहिनी उघडी ठेवतात, मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतात. डायक्लोफिनॅकने प्रोस्टाग्लॅन्डिन बनवणारं कॉक्स एन्झाइम अडवलं की ते तयारच होत नाहीत, मीठ-पाणी साठतं, आणि सार्टन (टेल्मिसार्टनसारख्या), प्रिल (एनालाप्रिलसारख्या) आणि लघवीच्या गोळ्यांचा जोर ओसरतो. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळीवर त्या मानाने कमी परिणाम होतो. शिवाय सार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट किडनीला घातक, उन्हात पाणी कमी प्यायलं तर जास्तच. डॉक्टरांना फोन करून पेनकिलर बंद केली, डोस वाढवला नाही, किडनीची तपासणी केली. दोन आठवड्यांत वहीत परत 132/82.

हा किस्सा वर्गात सांगितला की हुशार पोरगी विचारते, "मॅडम, बीपी वाढलं तर रिफ्लेक्सने पल्स का उतरली नाही?" काकांची पल्स आधी 76, नंतरही 76. उत्तर असं की बॅरोरिसेप्टर सेकंद-मिनिटांचे पहारेकरी आहेत, दाब दिवसेंदिवस चढाच राहिला की ते त्यालाच नॉर्मल धरतात. म्हणून पल्स ठीक आहे म्हणजे बीपी ठीक आहे असं कधीच समजू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं जेल लावलं तर चालतं का? अंगात खूप कमी जातं, मला तेच बरं वाटतं, पण गोळी आणि जेल दोन्ही नको. पॅरासिटामॉल एकदम निर्धोक? बीपीच्या पेशंटना रोज 4 ग्रॅम, दोन आठवडे दिलं तेव्हा वरचं बीपी साधारण 5ने वाढलेलं दिसलंय, त्यामुळे कधीमधी घ्या, महिनाभर नको. शेतातून आल्या आल्या बीपी मोजू नका, पाच मिनिटं बसा. आणि पेशंटला "कुठली औषधं चालू आहेत?" एवढंच विचारू नका, लोक पेनकिलरला औषध धरतच नाहीत, "अंग दुखलं की काय घेता?" असं विचारा.

आणि हृदयासाठी दिलेली 75ची अ‍ॅस्पिरिन हे वाचून बंद करू नका. ती प्लेटलेटमधलं गुठळी करायला लावणारं थ्रोम्बॉक्सेन अडवायला दिलेली असते, एवढ्या डोसने बीपीत विशेष फरक पडत नाही, आणि ती अचानक सोडली तर स्टेंटवाल्याच्या जिवावर बेतू शकतं.